फॅक्सदूत प्रणालीचा प्रशिक्षक होण्यास नकार देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
मध्यांचल श्रमिक आरोग्य साहाय्य मंडळ,
प्रधान कार्यालय, नागपूर.

अर्जदार : जानराव तुकडू नंदेश्वर, प्रेषण सहायक, भिलाई शाखा, जुनवानी. राहणार मरोदा, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड.

विषय : संगणकातील फाइल फॅक्सने पाठवण्याच्या 'फॅक्सदूत' प्रणालीचा प्रशिक्षक म्हणून झालेली नेमणूक नाकारणे आणि परिपत्रकातील कलम ७ रद्द करणे.

संदर्भ : १) आपले नेमणूकपत्र, दि. ४ फेब्रुवारी २०१९. २) परिपत्रक, जून २००४. ३) अर्जदाराचा दि. ११ फेब्रुवारीचा अर्ज, शेऱ्यासह परत.

महोदय,

१. याच विषयावरचा अर्जदाराचा पहिला अर्ज आपल्या कार्यालयाने परत केला. त्यात 'मी' हा शब्द सदतीस वेळा आल्याने अर्ज व्यक्तिगत स्वरूपाचा ठरतो, सबब सुधारून सादर करावा, असा शेरा होता. शेरा बरोबर आहे. अर्जदाराने मोजून पाहिले, सदतीसच आहेत. म्हणून या अर्जात जे घडले ते 'अर्जदार' नावाच्या माणसाच्या बाबतीत घडले असे लिहिले आहे. वाचताना तो कोणी तिऱ्हाईत वाटला तर तसे समजण्यास हरकत नाही. अर्जदारालाही अलीकडे तसेच वाटते. लोकांचे बोलणे मात्र जसे झाले तसेच उतरवले आहे. ते सुधारता आले नाही.

२. अर्जदाराचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईला आले ते पोलाद कारखान्याचा पाया खणायला, आणि पुढे कोक ओव्हनमध्ये लागले. अर्जदाराला कारखान्यात नोकरी मिळाली नाही. त्याने हिंदी, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही टायपिंग केले आणि पुष्कळ वर्षे दुसऱ्यांचे अर्ज टाइप करून पोट भरले. २००४ साली आपल्या मंडळाची शाखा जुनवानीला उघडली, तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी अर्जदार पहिल्यांदा पगारावर लागला. त्या दिवशी पत्नी गिरजाबाई यांनी घरी खीर केली होती आणि शेजाऱ्यांना सांगितले होते की, "आता आमचे हे दुसऱ्याचे अर्ज लिहीत नाहीत, पाठवतात."

मंडळाचे काम आपणास ठाऊकच आहे. ठेकेदारीतले कामगार, रेल्वेच्या गँगमधले मजूर, रसमड्याच्या कारखान्यांतले लोक आजारी पडले की शाखेने त्यांचे कागद नागपूरला पाठवायचे. नागपूरने मंजुरी दिली की रुग्णाने नागपूरला येऊन इलाज घ्यायचा. सुरुवातीला काही दलालांनी खोटे कागद हाती आणून दिले, म्हणून परिपत्रकात कलम ७ घातले गेले : राज्याबाहेरील शाखेची प्रकरणे केवळ फॅक्सदूत प्रणालीनेच स्वीकारली जातील, टपालाने, ईमेलने अथवा हाती आलेल्या प्रकरणांचा विचार होणार नाही. राज्याबाहेरची शाखा एकच होती. भिलाई.

३. ही प्रणाली शिकायला अर्जदार तीन दिवस नागपूरला राहिला होता. रुग्णाचे कागद संगणकात घ्यायचे. मग प्रणाली त्या फाइलचे बारीक काळे-पांढरे ठिपके करते आणि ते फॅक्ससारखे टेलिफोनच्या तारेतून सोडते. पलीकडच्या संगणकात हीच प्रणाली असली तर ती ते ठिपके गोळा करून पुन्हा फाइल उभी करते. रिपोर्ट, फोटो, सही, सगळे जसेच्या तसे. पलीकडे नुसते फॅक्स मशीन असले तर कागदावर फक्त ठिपके उमटतात. ते कोणालाच वाचता येत नाहीत. आणि फॅक्स मशीनसुद्धा पान मिळाल्याची खूण परत पाठवते, म्हणून पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही वेळेला एकच शब्द येतो : ओके.

हा शेवटचा मुद्दा तीन दिवसांच्या प्रशिक्षणात कोणी सांगितला नाही. अर्जदाराला तो चौदा वर्षांनी कळला.

४. पहिली आठ वर्षे काम चोख चालले. प्रकरण पाठवले की पंधरा दिवसांत मंजुरी येई. अर्जदार दर प्रकरणाची तारीख, वेळ, पानांची संख्या आणि पडद्यावरचे 'ओके' रजिस्टरमध्ये नोंदवी. मरोद्यात लोक त्याला ओकेवाले बाबू म्हणू लागले. अर्जदाराला ते आवडत असे. लपवत नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये प्रधान कार्यालयाला रंग दिला गेला. त्या वेळी फॅक्सदूतचा संगणक भंगारात गेला आणि त्याची टेलिफोन लाइन आवक-जावक विभागातल्या फॅक्स मशीनला जोडली गेली. भिलाईला कोणी कळवले नाही. कलम ७ तसेच राहिले. त्यानंतर आलेल्या प्रत्येक उत्तरात एकच ओळ होती : "प्रकरण वाचनीय स्वरूपात प्राप्त नाही. कलम ७ नुसार पुन्हा पाठवावे." अर्जदार पुन्हा पाठवी. पुन्हा ओके येई.

अर्जदाराने विचारणा केली नाही असे नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याने आवक-जावकचे लिपिक श्री. प्रफुल्ल यांना फोन केला. ते म्हणाले, "येऊन राहिलं ना भाऊ, रोज येऊन राहिलं. पानंच्या पानं भरून येऊन राहिलं. आमाले तं ठेवाले जागा नाई." मागे दोघे-तिघे हसल्याचे ऐकू आले. अर्जदाराला वाटले, ऑफिसात काही विनोद चालला असेल. कागद पोचताहेत एवढे कळले आणि त्याचे समाधान झाले.

५. मार्च २०१४. रसमड्याच्या सळयांच्या कारखान्यात श्री. अरुणकुमार देवांगन, वय एकोणतीस, यांच्या उजव्या मनगटावर गरम सळई आली. शिरा तुटल्या. डॉक्टरांनी सांगितले, तीन आठवड्यांत नागपूरला शस्त्रक्रिया झाली तर हात वाचेल. अर्जदाराने प्रकरण पाच वेळा पाठवले. पाच वेळा ओके आले. अरुणकुमार दर दोन दिवसांनी शाखेत येऊन बाकावर बसत आणि अर्जदार त्यांना सांगे, "पहुँच गया है, अब उधर से आने दो." चौथ्या आठवड्यात जखम सडली आणि हात कोपराखाली कापावा लागला.

त्यानंतर त्यांच्या पत्नी अन्नपूर्णा शाखेत आल्या. भांडल्या नाहीत. अर्जदाराच्याच शब्दांची आठवण देत एवढेच म्हणाल्या, "बाबू, तुमन तो कहे रहेव, पहुँच गे हे." अर्जदाराने रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरले आणि पाच ठिकाणचे ओके दाखवले. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले, पदराला पुसले आणि निघून गेल्या. अर्जदाराने रजिस्टर मिटून ठेवले आणि जेवणाचा डबा उघडला. आपली काही चूक नाही याची त्याला त्या दिवशी पक्की खात्री होती.

६. या प्रकरणांची आपल्या कार्यालयाने पुढे चौकशी केली. त्या चौकशी टिपणात अर्जदाराला दोष देताना 'निष्काळजीपणा' असा शब्द वापरला आहे. तो लागू नाही. अर्जदाराने काळजी फार घेतली. फक्त ती माणसांची न घेता नोंदीची घेतली. लोकांनी त्याच्याकडे किती वेळा म्हटले, साहेब, कागद द्या, आम्हीच गाडीने नागपूरला नेऊन देतो. दुर्गहून नागपूर चार-पाच तासांवर आहे. अर्जदाराने प्रत्येकाला कलम ७ वाचून दाखवले. ऑगस्ट २०१२ ते जून २०१८ या काळात त्याने अशी बासष्ट प्रकरणे पाठवली. त्यांतली एकोणीस माणसे आज हयात नाहीत.

७. त्रेसष्टावे प्रकरण गिरजाबाईंचे.

जून २०१८ मध्ये जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. तपासणीत हृदयाची झडप अरुंद झाल्याचे निघाले. तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करा, असे डॉक्टरांनी लिहून दिले. अर्जदाराने प्रकरण तयार केले, चौदा पानांचे, आणि पाठवायला सुरुवात केली. दर सोमवारी आणि गुरुवारी. एकूण बावीस वेळा पाठवले.

मुलगी संघमित्रा दुर्गला एका दवाखान्यात नोंदणीचे काम करते. ती जुलैत म्हणाली, "बाबा, स्कॅन करके ईमेल कर देते हैं ना. दो मिनिट का काम है. नाही तं मी सुट्टी घेतो आणि नागपूरले नेऊन देतो."

अर्जदार म्हणाला, "नियमात नाई बसत."

"आईचा जीव जाऊन राहिला आणि तुमी नियम पाहून राहिले?"

"बासष्ट जणायले मी हेच सांगितलं. हात गेला त्यालेबी हेच सांगितलं. आता माह्या घरचं माणूस आलं तं मी कागद हाती नेऊन देऊ? मंग त्या लोकायच्या तोंडाकडे पाहू कसा?"

गिरजाबाई खाटेवरून म्हणाल्या, "राहू दे पोरी. त्यायच्या त्या ओकेले एक दिवस माह्या जागी निजवजो, मंग समजन त्यायले." आणि हसल्या. हसताना त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. आपण तत्त्वाने वागलो असे अर्जदार त्या वेळी समजत होता. ते तत्त्व होते की बासष्ट जणांपुढे खोटे पडण्याची भीती होती, हे त्याला आजही ठरवता आलेले नाही.

८. तीन महिने संपले. गिरजाबाईंच्या पायांवर सूज आली. तेव्हा दि. २५ सप्टेंबरला अर्जदार त्यांना घेऊन सकाळच्या गाडीने नागपूरला आला. कागदांची फाइल आणि रजिस्टर पिशवीत होते. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर त्याला सांगण्यात आले की, हाती कागद घेत नाहीत, आणि साहेब बैठकीत आहेत, चारला भेटतील. गिरजाबाईंना प्रवासाने थकवा आला होता. आपल्या दालनाबाहेरच्या व्हरांड्यात खिडकीजवळ बाक आहे, तिथे त्यांना बसवले.

दुपारी पश्चिमेचे ऊन चढले. पण बाकावर सावली होती, कारण खिडकीच्या काचांवर खळ लावून आतून कागद चिकटवलेले होते, दोन-दोन थर. गिरजाबाई म्हणाल्या, "इथं बरं वाटून राहिलं. ऊन नाई लागून राहिलं." अर्जदार कागदांकडे बघत उभा होता. ते ठिपक्यांचे होते. वरपासून खालपर्यंत बारीक काळे-पांढरे ठिपके. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर फॅक्स मशीनने छापलेली बारीक ओळ होती. त्याने चष्मा पुसून एक ओळ वाचली : भिलाई शाखा, १६ जुलै २०१८, ११ वाजून ४२ मिनिटे, पान ९, एकूण १४.

त्याने पिशवीतून रजिस्टर काढले. १६ जुलै, ११:४२. गिरजाबाई जानराव नंदेश्वर. ओके.

त्याने बाकीच्या काचा पाहिल्या. सगळे भिलाईचे होते. आत एका टेबलावर असेच कागद चहाच्या पेल्यांखाली होते आणि एका शिपायाने त्यात डबा गुंडाळला होता. एका कागदावर मार्च २०१४ ही तारीख होती. गिरजाबाईंनी विचारले, "काय पाहून राहिले जी एवढं?" अर्जदार म्हणाला, "काई नाई." त्यांना त्याने हे अखेरपर्यंत सांगितले नाही.

९. चार वाजता आपण भेटलात. अर्जदाराने खिडकी दाखवली. आपण म्हणालात, "अरेच्चा, हे तुमचे होय? आम्ही समजत होतो मशीन बिघडलंय. कागद चांगला जाड आहे, म्हणून लावला." अर्जदाराने गिरजाबाईंची फाइल टेबलावर ठेवली आणि सांगितले की रुग्ण बाहेर बाकावर बसलेली आहे, आपण उठून पाहू शकता. आपण फाइल एका बोटाने परत सरकवलीत. "नियम मी केला नाही, नंदेश्वर. प्रणालीने पाठवा, लगेच बघतो." अर्जदार म्हणाला, प्रणाली आपल्याकडे नाही. आपण म्हणालात, "मग बसवा. तुमच्याइतकं तिच्यातलं कोणाला कळतं?"

हे शेवटचे वाक्य ऐकून अर्जदाराला बरे वाटले. अशा वेळीही बरे वाटले, हे नोंदवणे त्याला आवश्यक वाटते.

१०. त्याने गिरजाबाईंना त्यांच्या थोरल्या भगिनी राधाबाई यांच्याकडे नागपुरातच ठेवले. दुसऱ्या दिवशी तो भिलाईला गेला, शाखेच्या कपाटातून प्रणालीची तबकडी, म्हणजे सीडी, घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत आला. श्री. प्रफुल्ल यांनी अडगळीतून एक जुना संगणक काढून दिला. मोडेम त्यांच्याच टेबलावर सापडला. कागद उडू नयेत म्हणून ते तो वर ठेवत. हे सगळे जुळवून चालू होईपर्यंत सोमवार, १ ऑक्टोबर उजाडला. राधाबाईंनी गिरजाबाईंना दरम्यान इस्पितळात भरती केले होते. तिथले डॉक्टर म्हणत होते, शस्त्रक्रिया करा किंवा घरी न्या. मंजुरीपत्राशिवाय शस्त्रक्रियेची तारीख मिळत नव्हती.

शाखेत दुसरे कोणी पाठवणारे नसल्याने दुपारी संघमित्राने सुट्टी घेऊन जुनवानीच्या शाखेतून प्रकरण पाठवले. ती मोबाइलवर म्हणाली, "बाबा, ओके आलं." अर्जदार म्हणाला, "तिकडचं ओके मले नको सांगू. थांब, इकडं पाह्यतो." चौदा पाने पूर्ण झाली आणि सहा वर्षांनंतर फाइल उघडली. पहिल्या पानावर गिरजाबाईंचा फोटो होता. विभागातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण समोसे मागवलेत आणि अर्जदाराला संगणकाशेजारी उभे करून फोटो काढून घेतलात. तो फोटो मंडळाच्या वार्षिक अहवालात छापला आहे. त्यात अर्जदार हसताना दिसतो.

११. यानंतर अर्जदाराने मंजुरी मागितली. आपण त्याचे रजिस्टर मागून घेतलेत, चाळलेत आणि म्हणालात की, या नोंदींवरून गिरजाबाईंच्या आधी बासष्ट प्रकरणे पाठवलेली आहेत हे सिद्ध होते. त्यांची ज्येष्ठता डावलून कर्मचाऱ्याच्या पत्नीला आधी मंजुरी दिली तर उद्या लेखापरीक्षणात कोण उत्तर देणार? तेव्हा ती बासष्ट प्रकरणे क्रमाने पुन्हा मागवा, त्यावर निर्णय होईल, मग त्रेसष्टावे.

अर्जदार म्हणाला, "साहेब, त्यातले किती तरी लोक मेले."

आपण म्हणालात, "तसं प्रकरणात नमूद असेल तर निकाली काढू. आधी प्रकरण येऊ द्या."

हा नियम अर्जदाराने स्वतःच सहा वर्षे लोकांना याच आवाजात सांगितला होता.

१२. मंगळवारी सुट्टी होती. बुधवारपासून तिकडे संघमित्रा पाठवायला बसली आणि इकडे अर्जदार घ्यायला. लवकर संपवले तर गिरजाबाईंचा क्रमांक लवकर येईल, एवढा एकच हिशेब दोघांच्या डोक्यात होता. एका दिवसात चौदा प्रकरणे होत. घेणाऱ्याला प्रत्येक पानानंतर दहा सेकंदांत एक कळ दाबावी लागते. ती चुकली तर प्रकरण तुटते आणि पहिल्या पानापासून सुरू होते. म्हणून अर्जदार खुर्चीवरून उठत नव्हता. एकेक फाइल उघडत होती आणि एकेक चेहरा पडद्यावर येत होता. त्यातल्या काहींच्या मयतीला अर्जदार स्वतः गेला होता.

सोळावे प्रकरण अरुणकुमार यांचे आले. आपल्या छाननी समितीने ते त्याच दुपारी मंजूर केले. उजव्या हाताच्या शस्त्रक्रियेचे मंजुरीपत्र त्यांच्या पत्त्यावर गेले. आठ दिवसांत रुग्णाने अवयवासह हजर राहावे, असे त्यात छापील वाक्य आहे.

१३. शुक्रवार, ५ ऑक्टोबर. एकेचाळिसावे प्रकरण चालू होते, अकरा पानांपैकी आठ झाली होती. श्री. प्रफुल्ल यांच्या टेबलावरचा फोन वाजला. ते म्हणाले, "नंदेश्वर भाऊ, राधाबाई आहेत. वहिनीले बोलाचं आहे तुमच्याशी, फोन त्यायच्या कानाशी धरला म्हणते."

अर्जदार म्हणाला, "तीन पानं राहिली. थांबा म्हणा."

प्रफुल्ल म्हणाले, "मी दाबतो ना कळ. मले दिसून राहिलं कुठची ते. तुमी जा."

आपल्या विभागात अर्जदाराशी सहा वर्षांत कोणी बोललेले हे पहिले सरळ वाक्य होते. अर्जदाराने विश्वास ठेवला नाही. कळ चुकली तर अकरा पाने पुन्हा, अर्धा तास वाया, आणि गिरजाबाई अर्धा तास मागे. तो बसून राहिला. तीन पानांना सात मिनिटे लागली. प्रफुल्ल तेवढा वेळ रिसीव्हर हातात धरून उभे होते आणि मधूनमधून "आले, आले" म्हणत होते. शेवटच्या पानाची कळ दाबून अर्जदार उठला, टेबलापाशी गेला आणि फोन कानाला लावून म्हणाला, "बोल."

राधाबाई म्हणाल्या, "आता कोणाले बोल म्हणता भाऊजी?"

गिरजाबाईंना काय बोलायचे होते ते राधाबाईंना माहीत नाही. त्यांना नुसते ओठ हललेले दिसले. संघमित्रा त्या वेळी भिलाईत बेचाळिसावे प्रकरण लावत होती. मोबाइलवर तिचा आवाज येत होता, "बाबा, अगला भेजूँ क्या?"

१४. अंत्यविधीनंतर तेराव्या दिवशी आपले पत्र आले. 'रुग्ण हयात नसल्याने प्रकरण क्र. ६३ निकाली काढण्यात येत आहे.' त्यानंतर आपले दि. ४ फेब्रुवारीचे पत्र आले. त्यात लिहिले आहे की, बंद पडलेली फॅक्सदूत प्रणाली अर्जदाराच्या निष्ठेमुळे पुन्हा कार्यान्वित झाली. ती आता कोरबा व राजनांदगाव येथे उघडणाऱ्या शाखांनाही लागू करण्यात येईल. अर्जदार २८ फेब्रुवारीला निवृत्त होत असला तरी त्याला दोन वर्षांची मुदतवाढ देऊन प्रशिक्षक नेमण्यात येत आहे. आणि स्थापनादिनी शाल व श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होईल. सत्काराला सपत्नीक यावे, असेही खाली छापले आहे. ते छापील आहे हे अर्जदार समजतो.

पत्र आले तेव्हा संघमित्राने ते वाचले. ती म्हणाली, "जाणार तुमी?" अर्जदाराने पत्र तिच्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. ती म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मनात जाऊन राहिले ना?" अर्जदाराच्या मनात ते एकदा येऊन गेले होते. तिने त्याच्याकडे जसे पाहिले तसे पुन्हा कोणी पाहू नये. त्यानंतर चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांत पहिला अर्ज लिहिला गेला.

१५. करिता अर्जदार खालील गोष्टी कळवतो. तो त्यासाठी परवानगी मागत नाही, कारण त्या झालेल्या आहेत.

दि. १८ फेब्रुवारीला त्याने भिलाई शाखेच्या संगणकातून फॅक्सदूत प्रणाली पुसून टाकली. दोन दिवसांनी नागपूरला येऊन, आवक-जावक विभागात सर्वांसमक्ष, तिथल्या संगणकातूनही पुसली. श्री. प्रफुल्ल यांनी त्याला अडवले नाही. त्यांनी तोंड वळवून खिडकीचे कागद ओले करून खरवडायला घेतले. मूळ तबकडी एकच होती. ज्या कंपनीने ती दिली ती दहा वर्षांपूर्वी बंद झाली. अर्जदाराने ती मोडली. मंडळाच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान केल्याबद्दल जी कारवाई होईल ती त्याला मान्य आहे, निवृत्तिवेतन रोखले तरी. चौकशी टिपणातही दुरुस्ती करावी : अर्जदाराने सहा वर्षे प्रकरणे पाठवली नाहीत, अडवली. नियम आपला होता, पण दारात उभा तो होता. हे त्याच्या सेवापुस्तकात याच शब्दांत लिहावे.

१६. मरोद्याच्या सीमा निषाद, वय सव्वीस, यांच्या दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे. त्यांचे पती रेल्वेच्या गँगमध्ये आहेत. त्यांची अकरा पानांची फाइल घेऊन अर्जदार गेल्या बुधवारपासून रोज सकाळच्या गाडीने नागपूरला येतो आणि आपल्या खिडकीवर उभा राहतो. रोज कलम ७ सांगून ती परत केली जाते. सुट्टीचा रविवार वगळता आज सहावा दिवस आहे. परवा निवृत्त झाल्यावरही तो येईल, तेव्हा तर त्याला रजाही टाकावी लागणार नाही.

कलम ७ जी वाट सांगते ती आता जगात कोठेही शिल्लक नाही. ते रद्द करायला आपल्याला बैठक बोलवावी लागेल, ठराव करावा लागेल, हे अर्जदार जाणतो. त्याला वेळ लागेल. सीमाबाईंकडे, डॉक्टरांच्या लेखी, नऊ दिवस आहेत. तोवर आपण एवढेच करावे : हा अर्ज वाचून होईल तेव्हा अर्जदार खिडकीच्या पलीकडे फाइल धरून उभा असेल. हात पुढे करून ती घ्यावी.

आपल्या खिडकीवर उभा असलेला,

जानराव तुकडू नंदेश्वर
नागपूर, दि. २६ फेब्रुवारी २०१९

सोबत :
१) नेमणूकपत्र, मूळ, परत.
२) अर्जदाराचे रजिस्टर, २००४ ते २०१८.
३) अरुणकुमार देवांगन यांना आलेले मंजुरीपत्र. त्यांनी ते ठेवून घेण्यास नकार दिला.
४) फॅक्सदूत प्रणालीची तबकडी, चार तुकडे.
५) सीमा निषाद यांची फाइल जोडलेली नाही. ती अर्जदाराच्या हातात आहे.